गाडी का ओढत नाही?

मोटार बंद पडली की माणूस लगेच मिस्त्रीला बोलावतो. पण मोटारीचे एक दुखणे असे आहे की त्यात गाडी बंद पडत नाही. ती सुरू होते, चालते, आठवड्याच्या बाजारालाही जाऊन येते. फक्त पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जो जोर यायला हवा, तो येत नाही. सपाटीला कशीबशी पळते आणि चढ आला की दम टाकते. गॅरेजमध्ये याला ‘पिकअप नाही’ म्हणतात, गावात ‘गाडी ओढत नाही’ म्हणतात. गाडी चालू असते, म्हणून हे दुखणे पुष्कळदा अंगावर काढले जाते. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे म्हणत दोन-चार महिने निघून जातात.

यात धोका किती आहे, ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, दुपदरी रस्त्यावर तुमच्यापुढे ताशी ५० किलोमीटर वेगाने एक ट्रक चालला आहे. तुम्ही त्याच्या मागे २० मीटरवर आहात. ट्रक १० मीटर लांब आहे, आणि त्याला ओलांडून २० मीटर पुढे गेल्यावर तुम्ही परत आपल्या बाजूला येणार. म्हणजे ट्रकपेक्षा तुम्हाला ५० मीटर जास्त चालायचे आहे. धडधाकट गाडी ५ सेकंदांत ५० वरून ७० वर गेली आणि पुढे ७० वरच राहिली, तर हे काम सुमारे साडेअकरा सेकंदांत उरकते. आता तोच वेग गाठायला गाडीला १५ सेकंद लागत असतील, तर त्याच कामाला साडेसोळा सेकंद लागतात. फरक अवघा ५ सेकंदांचा. पण तेवढ्यात समोरून ताशी ६० ने येणारी एस.टी. ८० मीटरांहून अधिक पुढे आलेली असते, आणि तुम्हाला स्वतःला तिच्या दिशेने जवळजवळ ७० मीटर जास्त जावे लागते. म्हणजे नजरेने ‘पुरे आहे’ म्हणून धरलेला रस्ता सुमारे १५० मीटरांनी अपुरा पडतो. तेव्हा गाडीची ओढ गेली असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत पुढची गाडी ओलांडायची नाही, एवढा नियम आजपासूनच पाळावा.

दुसरे नुकसान खिशाचे. ‘ओढत नाही’ एवढेच सांगून गाडी गॅरेजात लावली, तर कधी इंजिन उघडले जाते, कधी टर्बो बदलला जातो, कधी पंप. आणि शेवटी कळते की दोष एका फाटलेल्या रबरी पाइपात होता. हे टाळायचे असेल तर दोष कुठे शोधायचा आणि कोणत्या क्रमाने शोधायचा, हे मालकालाही ठाऊक पाहिजे.

हा क्रम आपल्याला नवा नाही. बैलगाडी ओढली जात नसेल तर जाणता शेतकरी एकदम बैल बाजारात नेत नाही. आधी तो गाडीकडे बघतो : ओझे फार झाले का, चाक रुतले का, आखाला वंगण आहे का. मग जू नीट बसले आहे का ते बघतो. आणि सगळ्यात शेवटी बैलाकडे वळतो : चारा-पाणी झाले का, धाप लागली आहे का. मोटारीचेही असेच आहे. चाके, ब्रेक आणि ओझे ही झाली गाडी. क्लच आणि गिअर हे झाले जू. इंजिन हा बैल. स्वस्तातली तपासणी आधी आणि महागातली नंतर, असा हा मार्ग आहे.

पण गाडीच्याही आधी गाडीवान तपासावा लागतो! चौथ्या गिअरमध्ये गाडी ताशी ३० वर आली, चढ लागला आणि वरून पाय दाबला, तर कोणतीही छोटी गाडी कण्हणारच. इंजिनाचा जोर त्याच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. फेरे फार कमी असतील तर जोर नसतो. अशा वेळी खालचा गिअर टाकणे हाच उपाय. आपल्याकडे कुंभार्लीसारख्या किंवा आंबा घाटासारख्या वळणावळणाच्या चढावर गिअर वेळेवर उतरवला नाही, म्हणून निरोगी गाडीला नावे ठेवली जातात. दुसरी गोष्ट पायाखालच्या चटईची. चटई पुढे सरकून पेडलखाली गुंडाळली गेली, तर पेडल पुरते खाली जातच नाही. जुन्या, तारेच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या गाडीत तार सैल झाली तरी हेच होते. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

आता ओझे. याचा हिशेब शिक्षकमंडळींनी वर्गात जरूर घालावा. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला जी शक्ती लागते, तिला एक अश्वशक्ती म्हणतात. चालकासह १२०० किलो वजनाची गाडी, १५ मीटरला एक मीटर असा चढ, आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. गाडी दर सेकंदाला दोन-तृतीयांश मीटर वर चढते. १२०० ला दोन-तृतीयांशने गुणून ७५ ने भागले की पावणेअकरा अश्वशक्ती येते. हवेचा अडथळा आणि चाकांचे घर्षण यांसाठी लागणारी शक्ती वेगळी. आता आणखी माणसे आणि धान्याची पोती मिळून ४०० किलो वाढवले, तर हाच आकडा सव्वाचौदावर जातो. लग्नसराईत आठजणांना कोंबून, टपावर सामान बांधून घाट चढणाऱ्या गाडीला ‘ओढत नाही’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मग टायर बघा. हवा कमी असलेला टायर जमिनीला चिकटून चालतो आणि इंजिनाची शक्ती खातो. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. किती हवा हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

त्यापुढे ब्रेक. ब्रेक सुटला असे वाटते, पण तो पुरता सुटलेला नसतो. पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून आठ दिवस उभी राहिली की गंज धरून ब्रेक चिकटतो. पुष्कळदा तर हँडब्रेक अर्धवट ओढलेलाच असतो. याची परीक्षा सोपी आहे. सपाट जागी एकाने चालकाच्या जागी बसावे, गाडी न्यूट्रलला टाकून हँडब्रेक सोडावा आणि दोघांनी मागून ढकलावे. छोटी गाडी सहज हलली पाहिजे. दुसरी परीक्षा अशी : ब्रेक फारसा न लावता पाच-सहा किलोमीटर जाऊन या आणि चारही चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल किंवा जळका वास येत असेल, तर दोष त्या चाकाच्या ब्रेकमध्ये आहे. अशी गाडी पुढे दामटू नये.

गाडी मोकळी असेल तर आता जू बघू. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेते ती क्लच प्लेट. ती झिजली की घसरते. खूण अगदी स्पष्ट आहे : चढावर पाय दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, फेरे वाढतात, पण गाडीचा वेग वाढत नाही. इथे बैल ओढतो आहे, पण जू सुटले आहे. खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढा, उजवा पाय ब्रेकवर ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धक्का देऊन बंद पडेल. तसेच चालू राहिले तर प्लेट संपली. ही परीक्षा एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केल्याने असलेली प्लेटही जळते. क्लचवर सतत पाय ठेवून चालवणे आणि चढावर हाफ क्लचवर गाडी रोखून धरणे, या दोन सवयी प्लेट लवकर खातात.

एवढे सगळे ठीक असेल तर इंजिनाकडे वळायचे. इंजिन काय करते? हवा आत ओढते, ती दाबते, इंधन जाळून पिस्टनला ढकलते आणि धूर बाहेर टाकते. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये या चार क्रियांचे इंजिन चालवून दाखवले. तेव्हापासून मोटारी किती बदलल्या, पण या चार क्रिया त्याच राहिल्या. डिझेल इंजिनात फरक एवढाच की तिथे ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. तेव्हा इंजिनाला पाच गोष्टी हव्यात : हवा, इंधन, पेट, दाब आणि धुराला वाट. ओढ गेली म्हणजे या पाचांपैकी काहीतरी कमी पडले आहे.

पहिली हवा. पुष्कळांना वाटते, गाडी पेट्रोलवर चालते. खरे पाहता ती हवेवरच जास्त चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलला सुमारे ९००० लिटर हवा! घराच्या गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तशा नऊ टाक्या भरून. ही सगळी हवा एका कागदी फिल्टरमधून जाते. फुफाट्याच्या रस्त्याने, ऊस-वाहतुकीच्या मागे रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर शहरातल्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर बुजतो. नव्या पेट्रोल गाडीत फिल्टर बुजला तर मायलेजपेक्षा ओढीवरच परिणाम जास्त दिसतो. फिल्टर काढून उन्हाकडे धरून बघा. उजेड दिसत नसेल तर बदला. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये, आणि फिल्टर काढून टाकून तर गाडी कधीच चालवू नये, कारण मग धूळ थेट इंजिनात जाऊन ते झिजवते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलेलेही सापडते.

हल्लीच्या बहुतेक डिझेल गाड्यांना टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. टर्बोपासून इंजिनापर्यंत ही हवा जाड रबरी पाइपांतून जाते. पाइप फाटला किंवा त्याची पट्टी ढिली झाली, की कोंबलेली हवा वाटेतच निसटते. गाडीची ओढ एकाएकी जाते, पाय दाबला की फुस्स असा आवाज येतो आणि मागून काळा धूर निघतो. म्हणूनच टर्बो बदलण्याआधी सगळे पाइप आणि पट्ट्या डोळ्यांसमोर तपासून घ्याव्यात. एका पट्टीची किंमत आणि एका टर्बोची किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरे इंधन. याची खूण अशी की हळू चालवताना गाडी उत्तम असते, पण चढावर किंवा वेगात जादा इंधन मागितले की झटके देते. पहिला संशय इंधनाच्या फिल्टरवर घ्यावा. डिझेलचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरला बदलावा आणि त्याच्या तळाशी साचलेले पाणी काढून टाकावे. शेतीसाठी पिंपात साठवलेले डिझेल गाडीत ओतण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. त्या पिंपाच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो, आणि नव्या इंजिनाचे बारीक नोझल तेवढ्यानेही बिघडतात. पेट्रोलमध्ये २०२५ पासून देशभर सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी फार झाले तर ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसते. म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी अधूनमधून चालवावी आणि टाकीचे झाकण घट्ट आहे ना, ते बघावे.

तिसरी पेट, म्हणजे पेट्रोल गाडीतली ठिणगी. चारपैकी एका सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल कामातून गेली, की तीन बैल ओढतात आणि चौथा नुसता बरोबर चालतो! इंजिन थरथरते, मिस्त्री म्हणतो, ‘मिसिंग आहे.’ प्लग काढून त्याचे तोंड बघावे. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळी असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. तेलकट असेल तर इंजिनाचे ऑइल आत येते आहे. अशी गाडी तशीच पळवू नये, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या जाळीत जाऊन पेटते आणि ती महागडी जाळी वितळते.

वितळलेली जाळी म्हणजे धुराची वाट बंद. धूर बाहेर गेला नाही तर नवी हवा आत येणार कुठून? गाडी थोडा वेळ चालते आणि मग कोणी नरडे दाबल्यासारखी बसते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. ही काजळी जाळून टाकायला धूर पुरेसा तापावा लागतो. रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तापत नाही, काजळी साचते आणि गाडी आपणच आपली ताकद कमी करते. अशी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी. काजळीचा दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या सूचनेप्रमाणे वागावे.

पाचवी गोष्ट दाब. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले किंवा हेडचे गॅस्केट गेले, की दाब निसटतो. हे काम खर्चाचे. म्हणून इंजिन उघडण्याआधी मिस्त्रीला मीटर लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला सांगावे आणि आकडे लिहून घ्यावेत. धुराचा रंगही इथे साक्ष देतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे हवा कमी आणि इंधन जास्त. इंजिन गरम झाल्यावरही पेट्रोल गाडीतून पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी घटू लागले, तर पाणी आत शिरते आहे असे समजावे. तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला तर मात्र तपासणी वगैरे काही नाही, गाडी बाजूला घेऊन थांबायचे.

नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे इंजिनाचा पिवळा दिवा. कुठेतरी बिघाड दिसला की गाडीतला संगणक इंजिन वाचवण्यासाठी त्याची ताकद मुद्दाम कमी करतो. मग कितीही पाय दाबा, फेरे एका मर्यादेपुढे जात नाहीत. अशा वेळी मिस्त्री स्कॅनर लावतो आणि त्यावर एक क्रमांक येतो. हा क्रमांक तक्रार कुठली आहे ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. ‘हवा कमी मोजली जाते’ असा क्रमांक आला, तर हवा मोजणारा सेन्सर बिघडलेला असेल, तो नुसता मळलेला असेल किंवा पाइपच फाटला असेल. तेव्हा ‘सेन्सर बदला’ म्हणण्याआधी ‘पाइप पाहिला का?’ हा प्रश्न आपण विचारायचा.

काही वेळा गाडीत दोषच नसतो, हेही ध्यानात असू द्या. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथे हवा जवळजवळ आठव्या हिश्शाने विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच घटते. सी.एन.जी.वर तीच गाडी पेट्रोलपेक्षा थोडी मंद वाटते, कारण सिलिंडरमध्ये गॅस हवेची जागा अडवतो. छोट्या गाडीत ए.सी. चालू असेल तर तोही आपला वाटा घेतो. चढावर तो बंद करून पाहावा.

आता गॅरेजात जाताना काय सांगायचे, ते ठरवून ठेवा. ओढ एकाएकी गेली की हळूहळू? इंजिन थंड असताना जाते की गरम झाल्यावर? फक्त चढावर की सपाटीलाही? पाय दाबल्यावर आवाज वाढतो की तोही वाढत नाही? धुराचा रंग कोणता? दिवा लागला आहे का? आणि गेल्या महिन्यात गाडीचे कोणते काम झाले? या सात प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून नेली, तर चांगल्या मिस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा, त्यात संकोच कसला?

शिक्षकमंडळींना एक विनंती. गावात गॅरेज असेल तर वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा तिथे न्या. बुजलेला फिल्टर, काजळीचा प्लग आणि झिजलेली क्लच प्लेट त्यांच्या हातात द्या. बल, वस्तुमान आणि त्वरण यांचा धडा त्यांना मग नुसता पाठ करावा लागणार नाही. आणि उद्या यातलेच कोणी रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे निघतील, तेव्हा गाडी घाटात का बसली याचा विचार कुठून सुरू करायचा, हे त्यांना ठाऊक असेल.